तुळजापूरच्या आसपास कॅन्सर कोणाकोणाचा मोजला गेला?

तुळजापूर आणि धाराशिव जिल्हा घ्या. इथल्या समलिंगी, उभयलैंगिक, तृतीयपंथी, पारलिंगी माणसांपर्यंत तंबाखूबंदीचा आणि कॅन्सरच्या माहितीचा प्रचार कधी पोचला, कसा पोचला, याचा इतिहास लिहायचा असं ठरवा. पहिल्या आठवड्यात हाताला काय लागेल? जवळजवळ काहीच नाही. अहवाल चाळा, जर्नलं चाळा, तक्ते बघा. ही माणसं तिथे नाहीत.

अशा वेळी दोन मोह होतात. एक, 'या विषयावर संशोधन झालेलं नाही' असं एक वाक्य प्रस्तावनेत टाकून मोकळं व्हायचं. दुसरा, विषयच बदलायचा. मला वाटतं दोन्ही घाईचे आहेत, कारण हा जिल्हा काही संशोधनाला पारखा नाही. उलट, ग्रामीण भारतात कॅन्सर मोजण्याचं काम जिथे सर्वात आधी आणि सर्वात चिकाटीनं झालं, त्या पट्ट्यात तो येतो. इतकं मोजूनही काही माणसं राहतात, तेव्हा मोजायची पद्धत काय होती ते आधी बघावं लागतं. या पोस्टमध्ये तेवढंच करायचं आहे.

(एक सूचना आधीच. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं. जुना सगळा मजकूर 'उस्मानाबाद' नावाखाली आहे. फक्त 'धाराशिव' शोधलंत तर चाळीस वर्षांचं काम दिसणारच नाही.)

सुरुवात बार्शीपासून करावी लागते. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण परंडा आणि भूम हे उस्मानाबादचे तालुके तिला लागूनच. मुंबईत कॅन्सरची नोंदवही १९६३ पासून होती, इंडियन कॅन्सर सोसायटीची. १९८०च्या दशकात आयसीएमआरनं राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम सुरू केला, पण तोही आधी मोठ्या शहरांत. खेड्यातल्या कॅन्सरबद्दल सगळा अंदाजाचा कारभार. १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी नोंदणी सुरू झाली. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी.

शहरातली नोंदणी म्हणजे मुख्यतः दवाखान्यांचे कागद गोळा करणं. पेशंट दवाखान्यात येतो, त्याचा केसपेपर होतो, तो नोंदणीवाले टिपून घेतात. खेड्यात पेशंट दवाखान्यात येतच नव्हता. मग बार्शीच्या लोकांनी उलटी वाट धरली. क्षेत्र कार्यकर्ते ठरावीक काळानं गावोगाव जायचे, सरपंच, शिक्षक, आरोग्यसेविका यांना भेटायचे, लोकांना जमवून कॅन्सरची लक्षणं सांगायचे आणि कोणाला तसं काही वाटत असेल तर बार्शीला यायला सांगायचे. म्हणजे इथे मोजणी आणि जनजागृती ही वेगवेगळी कामं नव्हतीच. जनजागृती केल्याशिवाय मोजायला पेशंट मिळत नव्हता. कस्तुरी जयंत, भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लेख लिहून दाखवलं की या गावभेटींमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. ही पद्धत पुन्हा एकदा नीट वाचा, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. गाव, गावातली जाणती माणसं, आणि त्या माणसांच्या ओळखीची घरं. माहिती या वाटेनं गेली आणि पेशंट याच वाटेनं आला.

आता या वाटेवर कोण नसेल? ज्या मुलाचं बायकी वागणं घरच्यांना खपलं नाही, जो सतराव्या-अठराव्या वर्षी घर सोडून सोलापूर, पुणे, मुंबईला एखाद्या गुरूच्या डेऱ्यात गेला, तो. नोंदणीचा सर्वसाधारण नियम असा की माणूस त्या भागात किमान वर्षभर राहणारा हवा. नियमात चूक काही नाही, रहिवासी कोण हे ठरवल्याशिवाय दर काढता येत नाही. पण जन्मगाव सुटलेलं, नवीन ठिकाणी रेशनकार्ड नाही, आधीचं नाव वेगळं, अशा माणसाला 'रहिवासी' म्हणायचं कुठलं? गावच्या नोंदीत तो गेलेला असतो आणि शहराच्या नोंदीत आलेला नसतो.

यानंतरचं मोठं काम म्हणजे १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात सुरू झालेली चाचणी. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधी ओळखण्यासाठी कोणती तपासणी चांगली, हा प्रश्न. रंगस्वामी शंकरनारायणन, नेने, सुरेंद्र शास्त्री, जयंत आदींनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना ५२ गावसमूहांत विभागलं. काही समूहांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं, आणि काही समूह तुलनेसाठी, म्हणजे त्यांना नेहमीच्या सोयी तेवढ्या. २००९ मध्ये निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ पैकी ३४ जणी या कॅन्सरनं दगावल्या होत्या, तुलनेच्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्मे होऊ शकतात, हे जगाला या जिल्ह्यातल्या बायकांमुळे कळलं. तुलनेच्या गटाला तपासणी का दिली नाही यावर पुढे बराच वाद झाला. तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे, पण एथिक्सचा पेपर असेल तर जरूर वाचून ठेवा.

आपल्या प्रश्नासाठी त्या चाचणीच्या पात्रतेच्या अटी बघा. वय, गर्भाशय शाबूत असणं, या रोगाचा पूर्वेतिहास नसणं. शरीराच्या दृष्टीनं अट गर्भाशयाची आहे, पण यादी 'स्त्रियां'ची झाली. यादी घरोघर जाऊन केली, आणि घरातली स्त्री कोण हे घर सांगतं. जन्मानं मुलगी म्हणून वाढलेला, पण स्वतःला पुरुष मानणारा माणूस त्या यादीत दोनच प्रकारे असू शकतो: कोणाची तरी बायको किंवा मुलगी म्हणून गप्प राहून, नाहीतर नाहीच. स्त्रीवरच प्रेम असलेली बाई मात्र यादीत नक्की असेल, पण ती तशी आहे हे कागदाला कधी कळणार नाही. म्हणजे 'एलजीबीटीक्यू माणसं या संशोधनात नव्हती' हे वाक्यसुद्धा बरोबर नाही. १,३१,७४६ मध्ये काही जणी होत्याच. त्या ओळखता येत नाहीत, एवढंच म्हणता येतं. 'अनुपस्थित' आणि 'न ओळखता येणारे' हा फरक माझ्या गाईडनं मला तीन वेळा लाल पेनानं लिहून दिला, तेव्हा कुठे डोक्यात बसला.

आता थोडा रुक्ष भाग. कंटाळा आला तरी वाचा, कारण इतिहासाचे विद्यार्थी नेमकं हेच सोडून देतात.

कॅन्सर नोंदणीत माहिती भरल्यावर ती तपासायला संगणकीय चाळण्या असतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरल्या जाणाऱ्या चाळण्यांत एक तपासणी 'लिंग आणि अवयव' यांच्या मेळाची असते. पुरुष असं लिहिलं आणि अवयव गर्भाशयमुख असेल, किंवा स्त्री लिहिलं आणि अवयव प्रोस्टेट असेल, तर ती नोंद चूक म्हणून बाजूला काढली जाते. हेतू चांगलाच आहे, टायपिंगच्या चुका पकडणं. पण एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीनं कागदपत्रात स्वतःला स्त्री लिहून घेतलं आणि तिला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला, तर यंत्राच्या दृष्टीनं ती 'दुरुस्त करायची चूक' ठरते. दुरुस्ती म्हणजे लिंगाचा रकाना बदलणं. संग्रहातून माणसं कशी पुसली जातात असं आपण सेमिनारमध्ये फार भारदस्त शब्दांत बोलतो. इथे ते काम एका ओळीच्या नियमानं होतं, आणि त्यात कोणाचाही द्वेष नसतो.

पुढची अडचण भागाकाराची. दर काढायचा तर वर रुग्णसंख्या आणि खाली लोकसंख्या लागते, तीही वयोगटवार, कारण कॅन्सर वयाप्रमाणे वाढतो. २०११च्या जनगणनेत पहिल्यांदा 'इतर' असा पर्याय आला. देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं त्यात नोंदली गेली. पण जनगणनेच्या मुख्य तक्त्यांत ही संख्या पुरुषांमध्ये मिळवलेली होती, आणि पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचे नेहमीचे तक्ते पुरुष आणि स्त्री असेच आहेत. म्हणजे उद्या नोंदणीनं मन लावून प्रत्येक तृतीयपंथी रुग्ण टिपला तरी खालचा आकडाच नाही. परंडा-भूमच्या पलीकडे जाऊन पुढे उस्मानाबाद आणि बीड अशी जिल्ह्यांची नोंदणी झाली, तुळजापूर तालुकाही तिच्यात आला, तरी हा प्रश्न तसाच राहिला. समलिंगी-उभयलैंगिक लोकांचा तर प्रश्नच नको, त्यांना कुठलाच रकाना नाही. तंबाखूच्या राष्ट्रीय पाहणीचंही तेच. २०१६-१७च्या पाहणीत देशातले ४२.४ टक्के पुरुष आणि १४.२ टक्के स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या, महाराष्ट्रात एकूण २६.६ टक्के प्रौढ. यापलीकडचं तुम्हाला हवं असेल तर तिथे मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग या समाजापर्यंत आरोग्यवाले कोणी पोचलेच नव्हते का? पोचले होते, आणि चांगले पोचले होते. पण वेगळ्या कामासाठी. १९९२ मध्ये नॅको आली. मुंबईत 'बॉम्बे दोस्त' १९९० पासून निघत होतं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट. एचआयव्हीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ ते २०१२, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी देशभर प्रकल्प चालले. समाजातलीच माणसं 'पीअर' म्हणून नेमली, ती बसस्टँड, बागा, डेरे इथे जायची, कंडोम द्यायची, तपासणीला सोबत घेऊन जायची. कोण कुठे राहतं, कोणाचा फोन बदलला, कोण गावी गेलं, हे सगळं त्यांना पाठ. कॅन्सरवाल्यांकडे जे नव्हतं ते नेमकं इथे होतं: घर सोडलेल्या माणसाला शोधायची युक्ती.

एक गोष्ट मला अजून छळते. उस्मानाबादची गर्भाशयमुखाची चाचणी ज्या आंतरराष्ट्रीय आघाडीमार्फत झाली तिला गेट्स फाउंडेशनचा पैसा होता. २००३ मध्ये सुरू झालेल्या 'आवाहन' या एचआयव्ही प्रकल्पालाही गेट्स फाउंडेशनचाच पैसा, आणि महाराष्ट्र त्याच्या सहा राज्यांपैकी एक. एकाच थैलीतून, एकाच राज्यात, एकाच दशकात दोन वाटा निघाल्या. एक घरातल्या बाईकडे गेली, एक घराबाहेरच्या माणसाकडे. पहिलीनं एचपीव्ही शोधला, दुसरीनं एचआयव्ही. खरं तर एचआयव्ही असलेल्या व्यक्तीत एचपीव्ही जास्त टिकतो, गर्भाशयमुखाचा आणि गुदद्वाराचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, आणि तंबाखू त्यात भरच घालतो. शरीरात हे सगळं एकत्रच असतं. फायली वेगळ्या होत्या. यात कोणाचा कट होता असं मी म्हणत नाही. निधी रोगाच्या नावानं येतो, अहवाल रोगाच्या नावानं जातो, आणि कार्यकर्त्याच्या वहीत 'तंबाखू' असा रकाना नसला की तो विचारत नाही.

तंबाखूबद्दल बोलायचं तर मराठवाड्यात तो नुसतं व्यसन म्हणून बघता येत नाही. पुरुषानं चुना लावून मळायचा, विडी ओढायची. बाईनं मशेरी लावायची. भाजून काळा केलेला तंबाखू बोटानं दातांवर घासणं हे कित्येक बायकांना व्यसन वाटतच नाही, ते तोंड धुणं असतं. कोण कसा तंबाखू खातो यावरून बाई की पुरुष हेही ठरतं. मग ज्याला पुरुषी चालीरीती सोडायच्या आहेत तो मशेरीकडे वळतो का? डेऱ्यात नवीन आलेल्याला तंबाखू कोण देतं, पान कोणाबरोबर खायचं? हे माझे प्रश्न आहेत, निष्कर्ष नाहीत. पण प्रचाराचं पोस्टर करायचं असेल तर हे आधी विचारावं लागेल. शाळकरी मुलासमोर जो सडक्या जबड्याचा फोटो चालतो तो इथेही चालेल असं गृहीत धरता येत नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदीचा इतिहास लिहिणं सोपं, सवयीचा अवघड.

तुळजापूर म्हटलं की लगेच आराध्यांचा विषय निघतो. कवड्यांची माळ, परडी, पोत घेऊन जोगवा मागणारे आराधी, त्यांत साडी नेसणारे पुरुषही असतात. बाहेरून आलेला संशोधक नवरात्रात दोन फोटो काढतो आणि 'तुळजापूरचा एलजीबीटीक्यू समाज' असं शीर्षक देतो. कृपा करून हे करू नका. आराधीपण ही देवीची सेवा आहे. कोणी नवसानं, कोणी घराण्याच्या परंपरेनं घेतं. त्यातले काही स्वतःला तृतीयपंथी म्हणतील, बरेच म्हणणार नाहीत. जोगते-जोगतिणींचं यल्लमाशी नातं वेगळं, हिजड्यांची गुरू-चेला परंपरा वेगळी. या तिन्हींना एका इंग्रजी आद्याक्षरात कोंबलं तर जे नोंदणीच्या रकान्यानं केलं तेच आपण करू, फक्त पुरोगामी शब्दांत.

तुलनेसाठी अमेरिकेकडे बघितलं तर साधनांचा फरक लक्षात येतो. तिथे १९९०च्या दशकात आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीनं सॅन फ्रान्सिस्कोतल्या समलिंगी आणि बेघर लोकांना गिऱ्हाईक करण्याची योजना आखली होती. तिच्या नावाची आद्याक्षरं जोडली की 'स्कम', म्हणजे गाळ, असा शब्द होतो. कोर्टकज्ज्यांमुळे कंपन्यांचे अंतर्गत कागद खुले झाले, म्हणून हे आज कोणालाही वाचता येतं. तिथल्या समलिंगी संघटनांनी तंबाखूविरोधात काम उभं केलं त्यात या कागदांचा मोठा हात होता, कारण शत्रू कोण हे कागदावर होतं. आपल्याकडे मशेरीची अशी कंपनीच नाही जिच्या कपाटात कागद सापडतील. ती तर घरच्या तव्यावर भाजली जाते. त्यामुळे 'उद्योगानं या समाजाला लक्ष्य केलं' ही अमेरिकी गोष्ट जशीच्या तशी इथे लावू नका.

साधनं शोधताना शब्दांकडे लक्ष द्या. भोपाळमध्ये दंतवैद्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी हिजडा समाजाच्या तोंडाच्या आरोग्यावर लेखांची एक मालिकाच लिहिली. तंबाखू, तोंडातले चट्टे, हिरड्या, सगळं आहे. पण शीर्षकात शब्द आहे 'युनक', म्हणजे नपुंसक. 'ट्रान्सजेंडर' किंवा 'एलजीबीटी' असं शोधलं तर हे लेख निसटू शकतात. अपमानकारक शब्द आपण लिहिताना टाळायचे, शोधताना मात्र टाळायचे नाहीत. एचआयव्हीच्या फायलींत 'एमएसएम', 'टीजी', 'हाय रिस्क ग्रुप' असे शब्द सापडतील. पोलिसांच्या आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या मजकुरात आणखी काही.

कायद्यात काय आहे तेही बघून ठेवा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नालसा खटल्यात तृतीयपंथी ओळख मान्य केली, २०१८ मध्ये ३७७ कलमाचा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग गेला, २०१९ मध्ये पारलिंगी व्यक्तींचा कायदा आला. त्या कायद्याचं १५वं कलम आरोग्याबद्दल आहे आणि त्यातली पहिलीच सोय एचआयव्ही सर्वेक्षण केंद्रांची आहे. नंतर शस्त्रक्रिया, संप्रेरकं, समुपदेशन, विमा. कॅन्सर नाही, तंबाखू नाही. गावात आशाताई जो तपासणीचा फॉर्म भरते त्यात तंबाखूचा प्रश्न आहे, तोंडातल्या चट्ट्याचा आहे, आणि 'फक्त स्त्रियांसाठी' असा एक भाग आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो, आणि तो कुटुंबाच्या फाइलला लागतो.

त्यामुळे तुळजापुरात काम करायचं ठरवलंत तर मुलाखतीला सुरुवात कॅन्सरपासून करू नका, आणि एचआयव्हीपासून तर नकोच. त्या लोकांना हा प्रश्न प्रत्येक संस्थेनं विचारून झालेला आहे. मी सध्या असं विचारते: तुमचं तोंड शेवटचं कोणत्या डॉक्टरनं उघडून बघितलं होतं, आणि केसपेपरवर तेव्हा काय लिहिलं होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक लोक चटकन देतात. दुसऱ्यासाठी मात्र ते उठून आतून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येतात आणि कागद पुढ्यात ओततात. फोटो काढण्याआधी लेखी परवानगी घ्या, आणि नावाचा भाग झाकूनच काढा.